सोल्यूशन बरोबर, तरी टेस्ट लाल? प्रॉब्लेमच गंडलाय का, हे कसं तपासायचं

‘माझा कोड बरोबर आहे, टेस्ट केस चुकल्यात.’ कोडवॉर्स या सरावाच्या साइटवरच्या बीटा काताखाली (काता म्हणजे तिथला प्रॉब्लेम, बीटा म्हणजे अजून चाचणीत असलेला), कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटच्या जिम विभागातल्या स्पर्धांत, कॉलेजच्या कोडिंग क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही तक्रार काही केल्या थांबत नाही. बहुतेक वेळा कोडच चुकलेला असतो, हे आधीच सांगून टाकतो. पण प्रॉब्लेम कुणा हौशी माणसाने एकहाती बनवलेला असेल, तर तक्रारीत तथ्य निघायची शक्यता बरीच वाढते. कारण तिथे स्टेटमेंट (प्रश्नाचा मजकूर) लिहिणारा, मॉडेल सोल्यूशन (लेखकाचं स्वतःचं, प्रमाण मानलेलं उत्तर) लिहिणारा आणि टेस्ट रचणारा एकच. त्याच्या डोक्यात जो गैरसमज असेल तो तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा उतरतो. मग त्याच्या मशीनवर सगळं हिरवं दिसतं, त्यात नवल नाही.

मोठ्या साइट्सनी यासाठी चाळण्या लावल्या आहेत. कोडफोर्सेसच्या राउंडला लेखकाशिवाय को-ऑर्डिनेटर असतो, टेस्टर असतात. कोडवॉर्सवर नवा काता आधी बीटात राहतो, लोक तो सोडवून मतं देतात, आणि इश्यू, म्हणजे दोषाची नोंदवलेली तक्रार, उघडा असेल तर आधी तो मिटवावा लागतो. कॉलेजच्या स्पर्धेत मात्र आदल्या रात्री प्रॉब्लेम अपलोड होतो आणि सकाळी पोरं त्यावर तुटून पडतात. तेव्हा तपासणीचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्यासाठी हे लिहितोय. सोडवताना अडकलेल्यांनाही उपयोग होईल.

आधी मेसेजातला कुठला आकडा कुणाचा ते ओळखा

कोडवॉर्सवर पायथनमध्ये टेस्ट फसली की ‘५ शुड इक्वल ७’ अशा धर्तीचा मेसेज येतो. पहिला आकडा तुमच्या फंक्शनचा, दुसरा अपेक्षित. पण लेखकाने असर्टमध्ये (दोन्ही आकडे ताडणाऱ्या ओळीत) दोन्ही उलटसुलट टाकले असतील तर मेसेजही उलटा येतो, आणि सोडवणारा तासभर ‘माझ्याकडून ५ येतंच कसं’ म्हणून डोकं आपटत बसतो, जेव्हा ते ५ त्याचं नसतंच. याची खात्री करायला एक मिनिट पुरतं: फंक्शनमधून ९९९९९ असा भलताच आकडा परत करा आणि तो मेसेजात कुठल्या जागी उमटतो ते पाहा. उजवीकडे आला तर पहिला इश्यू सापडला.

त्यानंतर फसलेलं इनपुट मिळवा. मेसेजात दिसत नसेल तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत प्रिंट करा. ते इनपुट कागदावर, फक्त स्टेटमेंट वाचून सोडवा, कोडकडे न बघता. कागदावरचं उत्तर टेस्टशी जुळलं, तर विषय संपला, आपलाच कोड दुरुस्त करा. नाही जुळलं तर पुढे वाचा.

‘माझं चाललं की!’: सॉर्टेड वापरणारे पास, सॉर्ट वापरणारे नापास

हौशी प्रॉब्लेममधला हा सर्वात चिवट दोष आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

समजा प्रॉब्लेम असा आहे: आकड्यांची यादी दिली आहे, ती चढत्या क्रमाने लावली तर किती जागांवरचा आकडा बदलेल ते सांगा. २, १, ३, ५, ४ या यादीचं उत्तर ४, कारण फक्त मधला ३ जागेवर राहतो. एका मुलीने मूळ यादीची कॉपी बाजूला ठेवली, मिळालेली यादी जागच्या जागी सॉर्ट केली, दोन्ही ताडून फरक मोजले, ४ परत दिले. अगदी बरोबर. मेसेज आला: ‘४ शुड इक्वल ०’.

रँडम टेस्टचा (यात इनपुट आयत्या वेळी बनतं आणि अपेक्षित उत्तर मॉडेल काढतं) कोड असा लिहिलेला होता:

मिळालेलं = सोडवणाऱ्याचं_फंक्शन(यादी)
अपेक्षित = मॉडेल_फंक्शन(यादी)

पायथनमध्ये यादी फंक्शनला दिली की तिची प्रत जात नाही, तीच यादी जाते. मुलीच्या फंक्शनने ती सॉर्ट करून ठेवली आणि मॉडेलला आयती सॉर्ट झालेली यादी मिळाली. त्याने इमानदारीत सांगितलं, शून्य. ज्यांनी नवी यादी करून देणारं सॉर्टेड वापरलं ते सुखाने पास झाले आणि ‘माझं चाललं की, तुझंच काहीतरी चुकतंय’ असा सल्ला देऊन मोकळे झाले.

याची दुसरी बाजू जास्त वाईट आहे. याच प्रॉब्लेमला कुणी दोन ओळींचं उत्तर दिलं, यादी सॉर्ट करा आणि शून्य परत करा, तर ते सगळ्या रँडम टेस्ट पार करतं. उत्तरं हाताने लिहिलेल्या स्थिर टेस्ट असतील तरच ते पकडलं जातं. नुसत्या रँडम टेस्टवर विसंबलेला प्रॉब्लेम म्हणूनच मी कधी पास करत नाही.

‘अपेक्षित आधी काढा, मग सोडवणाऱ्याचं फंक्शन चालवा’ हा उपाय सगळे सुचवतात. तो अर्धाच आहे. मॉडेल सोल्यूशनच जागच्या जागी सॉर्ट करत असेल तर आता सोडवणाऱ्याला सॉर्ट झालेली यादी मिळते, त्याचं उत्तर शून्य येतं आणि अपेक्षित असतं ४. त्यामुळे दोघांना स्वतंत्र प्रत द्यायची, दुसरा इलाज नाही. आणि यादीत याद्या असतील, म्हणजे ग्रिड वगैरे, तर वरवरच्या कॉपीने भागत नाही. बाहेरची यादी नवी होते, आतल्या ओळी त्याच राहतात. तिथे डीपकॉपीच (आतल्या ओळींचीही नवी प्रत) लागते.

तपासणाऱ्याने दोन सोल्यूशन सबमिट करून पाहावीत. एक, बरोबर उत्तर काढून परत देण्याआधी इनपुट रिकामं करून टाकणारं. हे लाल झालं तर दोष आहे. दुसरं, आत आलेलं इनपुट छापणारं. प्रत्येक रँडम यादी संशयास्पद रीतीने चढत्या क्रमात दिसली, तर मॉडेलने आधीच हात मारलाय असं समजा.

तोच कोड कधी पास, कधी नापास

एकही अक्षर न बदलता पुन्हा सबमिट केलं आणि निकाल पालटला, तर सोडवणाऱ्याला मॉडेल सोल्यूशनमधली क्वचित दिसणारी चूक सापडली असावी, किंवा अपूर्णांकांची तुलना थेट बरोबरच्या चिन्हाने केलेली असावी. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत ०.३०००००००००००००००४ येते, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पण त्याचा अर्थ असा की बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचा अंक हलू शकतो. लेखकाने डावीकडून बेरीज केली, सोडवणाऱ्याने उजवीकडून केली, दोघंही बरोबर. चेकरमध्ये (उत्तर तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये) सूट ठेवायला हवी, दहाचा उणे सहावा किंवा नववा घात, आणि ती किती आहे हे स्टेटमेंटमध्ये लिहायला हवं. ‘दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करा’ ही पळवाट घेऊ नका. त्याने दोष जात नाही, अगदी सीमेवरच्या आकड्यांवर जाऊन बसतो.

राउंडिंगचा घोळ भाषांतरात तर हमखास होतो. एका भाषेतला प्रॉब्लेम दुसऱ्या भाषेत नेताना लेखक मॉडेल सोल्यूशन ओळीला ओळ उतरवतो आणि तिथे घसरतो. पायथन ३ मध्ये २.५ राउंड केले की २ मिळतात, कारण बरोबर मधला आकडा सम संख्येकडे झुकतो. जावास्क्रिप्टमध्ये ३ मिळतात. उणे ७ ला ३ ने भागून उरलेली बाकी पायथनमध्ये २, सी, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये उणे १. जावास्क्रिप्टचं सॉर्ट काहीच न सांगता वापरलं तर आकड्यांना शब्दांसारखं लावतं: १०, ९, १ चं होतं १, १०, ९. हे शेवटचं मॉडेल सोल्यूशनमध्ये असतं आणि रँडम टेस्टमध्ये आकडे एक अंकी असले तर महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

असा दोष पकडायला इनपुट पुन्हा मिळवता आलं पाहिजे. माइक मिर्झायानोव यांच्या टेस्टलिब लायब्ररीत ही सोय चांगली केली आहे: जनरेटरचं (टेस्ट बनवणाऱ्या प्रोग्रामचं) बीज, म्हणजे ज्यावरून पुढचे रँडम आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा, त्याला दिलेल्या कमांडवरूनच ठरतं, म्हणून तीच कमांड दिली की तीच टेस्ट निघते. पॉलिगॉन या प्रॉब्लेम बनवायच्या साइटवर तयार होणारे कोडफोर्सेसचे प्रॉब्लेम याच पद्धतीने बनतात. दर सबमिशनला नवी रँडम टेस्ट बनवणाऱ्या ठिकाणी निदान मेसेजात इनपुट छापा म्हणून लेखकाच्या मागे लागा.

ज्याची तक्रार येतच नाही तो दोष

बरोबर सोल्यूशन नापास झालं की बोंबाबोंब होते. चुकीचं सोल्यूशन पास झालं तर कोण कशाला तोंड उघडेल? हिरवा टिक मिळाला, माणूस पुढच्या प्रॉब्लेमकडे गेला. म्हणून कमकुवत टेस्ट हा दोष सर्वात जास्त काळ टिकतो, आणि माझ्या मते प्रॉब्लेम तपासणं म्हणजे मुख्यतः मुद्दाम चुकीची सोल्यूशन सबमिट करत सुटणं. बरोबर सोल्यूशन तर लेखकाकडे आहेच.

पॅलिंड्रोम (उलटी वाचली तरी तीच राहणारी स्ट्रिंग) ओळखायचा प्रॉब्लेम घ्या. लेखकाने दहा छोट्या इंग्रजी अक्षरांची रँडम स्ट्रिंग बनवणारा जनरेटर लिहिला, टेस्ट टाकल्या शंभर. अशी स्ट्रिंग पॅलिंड्रोम निघायची शक्यता २६ च्या पाचव्या घातात एक, म्हणजे १,१८,८१,३७६ मध्ये एक. शंभरच्या शंभर टेस्टचं उत्तर ‘नाही’. तेव्हा प्रत्येक वेळी ‘नाही’ परत करणारं एका ओळीचं फंक्शन बिनबोभाट पास. जिथे हो-नाही असं उत्तर आहे तिथे दोन्ही उत्तरं भरपूर यायला हवीत, आणि ‘हो’वाली इनपुट मुद्दाम घडवावी लागतात. अर्धी स्ट्रिंग रँडम घ्या, उलटवून जोडा, काही ठिकाणी एकच अक्षर बिघडवा.

झाडांचंही (मुळापासून नोडना नोड फुटत जाणाऱ्या रचनेचं) तेच. प्रत्येक नव्या नोडला आधीच्यांपैकी कुणीही रँडम पालक द्यायचा, हा सर्वात सोपा जनरेटर. त्यातून एक लाख नोडचं झाड निघालं तरी त्याची खोली तीसच्या आसपास राहते. पायथनमध्ये रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावत जाण्याची) मर्यादा मुळात १००० असते, तिला धक्काही लागत नाही. प्रत्येक नोडपासून मुळापर्यंत चढत जाणारं आळशी सोल्यूशनही आरामात वेळेत बसतं. एक लाख नोडची सरळ साखळी एका टेस्टमध्ये टाकली की दोन्ही उघडी पडतात.

मर्यादा गाठल्यात का तेही बघा. यादीत उलट्या क्रमाच्या (मोठा आकडा आधी, छोटा नंतर) जोड्या मोजायचा प्रॉब्लेम आहे, स्टेटमेंट म्हणतं यादी एक लाखापर्यंत, टेस्टमध्ये मात्र सर्वात मोठी पन्नास हजारांची. पूर्ण उलटी यादी दिली तरी जोड्या होतात १,२४,९९,७५,०००. ३२ बिट पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंत मावतं, म्हणजे साधा इंट वापरणारा सुटला. खरोखर एक लाखाची उलटी यादी असती तर ४,९९,९९,५०,००० झाले असते आणि त्याचं उत्तर ७०,४९,८२,७०४ असं भलतंच आलं असतं. स्टेटमेंटमधली प्रत्येक मर्यादा किमान एका टेस्टने गाठलेली असावी, खालची आणि वरची दोन्ही. रिकामी यादी चालते असं म्हटलंय तर ती असलीच पाहिजे.

वेळेच्या मर्यादेबाबतही घाईघाईत अंदाजपंचे आकडा टाकतात. सी प्लस प्लसमध्ये मॉडेल लिहायचं, ते चुटकीसरशी चालतं म्हणून एक सेकंद मर्यादा ठेवायची, आणि पायथनवाल्यांना टीएलई (वेळ संपल्याचा शेरा) बघत बसवायचं. तुम्हाला चालणारं सर्वात हळू सोल्यूशन शोधा, त्याला दुप्पट-तिप्पट मोकळीक द्या आणि जे चालायला नको ते तेवढ्या वेळात नक्की मरतंय ना ते पाहा. दोहोंमध्ये अंतर उरत नसेल तर इनपुटचा आकार बदला.

पॉलिगॉनमध्ये प्रत्येक सोल्यूशनला शिक्का मारता येतो: हे बरोबर, हे चुकीचं उत्तर देणारं, हे वेळ खाणारं. सगळी मिळून चालवली की कुठल्या लबाडाला टेस्ट पकडत नाहीत ते लगेच दिसतं. आणि तरीही काही निसटतंच, म्हणून कोडफोर्सेसच्या एज्युकेशनल राउंडनंतर १२ तास कुणालाही कुणाचंही सोल्यूशन हॅक करायची, म्हणजे ते पाडणारी टेस्ट द्यायची, मुभा असते. तिथले हॅकर्स किती बारकाईने बघतात याचा नमुना म्हणजे सी प्लस प्लसच्या अनऑर्डर्ड मॅपवरचा (किल्लीवरून नोंद शोधणाऱ्या रचनेवरचा) हल्ला. जीसीसी या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्यांत १,२६,२७१ च्या आणि नव्यांत १,०७,८९७ च्या पटीतल्या किल्ल्या दिल्या की मॅप रखडतो. क्लबच्या पहिल्या वर्षाच्या स्पर्धेत असली टेस्ट घालायला माझा विरोध आहे. प्रॉब्लेम ज्या गोष्टीचा आहे तीच तपासा, मुलांची जिरवायला नव्हे.

मॉडेलच चुकलंय अशी शंका असेल तर

दुसऱ्या माणसाकडून, फक्त स्टेटमेंट दाखवून, ब्रूट फोर्स (सगळ्या शक्यता तपासणारं सरळसोट सोल्यूशन) लिहून घ्या. मॉडेल दाखवायचं नाही, लेखकाने ‘अरे त्याचा अर्थ असा’ म्हणून तोंडी समजावायचंही नाही. समजावण्याची गरज पडली, तर तिथेच स्टेटमेंटमधला दोष सापडला.

मग दोन्ही सोल्यूशन लहान इनपुटवर भिडवा. लहान म्हणजे खरंच लहान. लांबी एक ते सहा आणि आकडे फक्त १, २, ३ घेतले तर सगळ्या मिळून १०९२ याद्याच होतात, एकही न सोडता तपासता येतात. आकडे कमी ठेवले की सारखे आकडे वारंवार येतात, आणि मॉडेल सोल्यूशन बहुधा तिथेच कोलमडतं: बरोबरीत कोण पहिला, ‘पेक्षा मोठा’ की ‘मोठा किंवा तेवढाच’, जागा शून्यापासून मोजायची की एकपासून. शंभर कोटींपर्यंतच्या रँडम आकड्यांच्या छोट्या यादीत दोन सारखे आकडे सहसा पडतच नाहीत.

बरोबर उत्तरं एकाहून जास्त

‘कोणताही एक सर्वात छोटा मार्ग छापा’ असं लिहून लेखक आपल्याच उत्तराशी शब्दशः तुलना लावतो. इथे चेकर वेगळा लिहावा लागतो: मार्ग खरोखर आहे का, सुरुवात-शेवट बरोबर आहेत का, लांबी किमान आहे का. तेवढा वेळ नसेल तर फक्त लांबी विचारा. ‘शब्दक्रमाने पहिला येणारा मार्ग छापा’ ही अट नुसती चेकर टाळण्यासाठी घालतात, आणि तिने प्रॉब्लेम उगाच अवघड होतो.

मराठीत इनपुट ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळं दुखणं. ‘उलटं वाचलं तरी तेच राहणारा शब्द ओळखा’ या प्रॉब्लेमला ‘कडक’ नीट चालतं. ‘काका’ देऊन बघा. वाचणाऱ्याला ती दोन सारखी अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये मात्र क, काना, क, काना असे चार तुकडे असतात आणि उलटवल्यावर सुरुवातीलाच सुटा काना येतो. मॉडेल म्हणणार नाही, शाळेतलं पोर म्हणणार हो. तुकडे मोजायचे की अक्षरं, हे स्टेटमेंटने सांगितलंच पाहिजे.

आपल्या मशीनवर चालतं, जजवर (तपासणाऱ्या सर्व्हरवर) नाही

विंडोजवर बनवलेल्या टेस्ट फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य चिन्ह असतं. ओळ वाचून तशीच्या तशी तुलना करणाऱ्याचा कोड त्यावर फसतो. ओळीच्या शेवटच्या स्पेस, मधली रिकामी ओळ, ‘एन आकडे’ म्हणून एक कमी, हे सगळं त्याच जातीचं. व्हॅलिडेटर (टेस्टचं इनपुट नियमात बसतं का ते बघणारा प्रोग्राम) लिहा, प्रश्न मिटतो. टेस्टलिबचा व्हॅलिडेटर एक स्पेस जास्त झाली तरी टेस्ट नाकारतो, आणि तो तसाच हवा.

इश्यू कसा लिहायचा

‘टेस्ट फालतू आहेत, दुरुस्त करा’ याला लेखक ‘इतके लोक पास झालेत’ एवढंच उत्तर देणार, आणि त्याच्या जागी आपणही तेच दिलं असतं. चालतं ते असं:

‘पायथन, रँडम टेस्ट. इनपुट: २, १, ३, ५, ४. स्टेटमेंटच्या दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे उत्तर ४. टेस्टला अपेक्षित ०. मी यादी जागच्या जागी सॉर्ट करतो. सॉर्टऐवजी सॉर्टेड वापरलं की टेस्ट पास होते. सोडवणाऱ्याला आणि मॉडेलला एकच यादी जात असावी.’

सापडेल तेवढं छोटं इनपुट द्या. स्टेटमेंटमधली ओळ दाखवा, स्वतःचं मत नको. कोड टाकायचा असेल तर स्पॉइलर म्हणून झाकून टाका. आणि ‘इश्यू’चा शिक्का खऱ्या दोषालाच लावा. नाव आवडलं नाही किंवा गोष्ट पाल्हाळाची वाटली, तर ती सूचना झाली.

लेखकाने दुरुस्ती केली की आधीच्या सगळ्या पास झालेल्या सोल्यूशनवर नव्या टेस्ट चालवून पाहायला सांगा. स्टेटमेंटमध्ये जे लिहिलं होतं तेच आता नीट तपासलं जात असेल, तर जुनी चुकीची सोल्यूशन पडली तरी पडू द्यावीत. पण लेखक दुरुस्तीच्या नावाखाली नवीन अट घुसडत असेल, समजा आधी न सांगितलेली ऋण संख्या किंवा दहापट मोठं इनपुट, तर तो वेगळा प्रॉब्लेम आहे, तो वेगळाच काढावा. स्पर्धा चालू असताना दोष सापडला तर टेस्ट गुपचूप बदलू नका. घोषणा करा, सगळ्यांचं रीजज (पुन्हा तपासणी) करा, आणि तेवढा वेळ हातात नसेल तर तो प्रॉब्लेम गुणांतून काढून टाका.